केसांची लावणी : रोप कोण बसवतं, कसं बसवतं?

आज आपण एका वेगळ्याच लावणीबद्दल बोलणार आहोत. भाताची नाही, कांद्याची नाही, तर डोक्यावरच्या केसांची. 'हेअर ट्रान्सप्लांट' हा शब्द आता गावाला नवा राहिलेला नाही. एसटी स्टँडसमोरच्या फलकावर, मोबाईलवर आणि सोयरिकीच्या बोलण्यातसुद्धा तो कानावर पडतो. मुलाला नोकरी आहे, दोन एकर बागायत आहे, पण कपाळ मागं सरकलंय म्हणून स्थळं परत जातात, असं सांगणाऱ्या आया आम्हाला बैठकीत भेटतात. मग एखाद्या महिन्यात गटाच्या वहीत कर्जाची मागणी येते आणि कारणाच्या रकान्यात लिहिलेलं असतं, 'मुलाच्या केसांसाठी'.

अशा वेळी बाकीच्या बायका गप्प बसतात. हसावं की पैसे द्यावेत, कळत नाही. आमचं म्हणणं असं, की हसू नये आणि घाईही करू नये. गाईसाठी कर्ज देताना आपण गाय बघतो, वेत विचारतो, दूध किती ते विचारतो. मग या कर्जाच्या वेळी काय विचारायचं? त्यासाठी ही शस्त्रक्रिया होते कशी, ते आधी समजून घ्यायला हवं. आम्ही डॉक्टर नाही. त्वचारोगाच्या डॉक्टरांशी बोलून आणि वाचून जे समजलं, ते आपल्या भाषेत सांगतो.

नवा केस तयार होत नाही

पहिली गोष्ट पक्की लक्षात ठेवू. या शस्त्रक्रियेत एकही नवा केस जन्माला येत नाही. खोटा केसही लावत नाहीत. माणसाच्या स्वतःच्याच डोक्याच्या मागच्या भागातून केस मुळासकट काढतात आणि पुढं टकलावर लावतात. रोपं वाफ्यातून उपटून शेतात लावतो तसंच.

मागचेच केस का? पुरुषांचं वंशपरंपरेनं पडणारं टक्कल तुम्ही पाहिलंच असेल. माथा उघडा पडतो, पण कानांच्या वर आणि मानेकडं केसांची पट्टी म्हातारपणीही टिकून राहते. त्या पट्टीतल्या केसांची मुळं वेगळ्या स्वभावाची असतात. पुरुषी हार्मोनच्या परिणामानं माथ्यावरची मुळं बारीक होत जातात, पण या पट्टीतली मुळं सहसा होत नाहीत. आणि महत्त्वाचं म्हणजे ती उचलून माथ्यावर लावली तरी आपला स्वभाव सोडत नाहीत. न्यूयॉर्कचे डॉक्टर नॉर्मन ओरेनट्राइख यांनी १९५२ साली टकलावर अशी शस्त्रक्रिया केली आणि १९५९ साली ही गोष्ट लिहून मांडली. त्याच्याही आधी, १९३९ साली, जपानच्या डॉक्टर ओकुडा यांनी भाजल्यामुळं किंवा जखमेमुळं केस गेलेल्या लोकांवर असं रोपण केल्याचं प्रसिद्ध केलं होतं. ते जपानी भाषेत असल्यामुळं बाहेरच्या जगाला पुष्कळ वर्षं समजलं नाही.

त्या काळी चार मिलिमीटर रुंदीचा गोल तुकडाच काढून लावत. एकेका तुकड्यात दहा-वीस केस. त्यामुळं डोकं बाहुलीच्या डोक्यासारखं दिसायचं, इथं एक झुपका, तिथं एक झुपका. आता तसं करत नाहीत. आपला केस त्वचेतून एकटा येतो किंवा दोन-तीन-चारच्या पुंजक्यात येतो. आरशात नीट पाहिलं तर दिसेल. हा नैसर्गिक पुंजका जसाच्या तसा काढतात. त्यालाच डॉक्टर 'ग्राफ्ट' म्हणतात. आपण त्याला रोप म्हणू.

रोपं काढण्याच्या दोन रीती

रोपं काढायच्या दोन मुख्य रीती आहेत. एकीत डोक्याच्या मागून कातडीची लांब, अरुंद पट्टी काढतात, जखम टाक्यांनी शिवतात आणि पट्टीतून एकेक रोप सूक्ष्मदर्शकाखाली सुटं करतात. हिला 'एफयूटी' म्हणतात. मागं एक आडवी रेघ कायमची राहते, केस वाढले की ती झाकते. दुसरी रीत म्हणजे 'एफयूई'. तिच्यात साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहून बारीक गोल पात्यानं एकेक रोप सुटं करून चिमट्यानं काढतात. टाके नसतात, पण ठिपक्यांसारखे बारीक व्रण राहतात. 'व्रण अजिबात नाही' असं जाहिरातीत म्हटलं असेल तर ते खरं नाही.

रोपं एकदा बाहेर आली की घड्याळ सुरू होतं. लावणीच्या दिवशी उपटलेल्या जुड्या बांधावर उन्हात टाकून कुणी जेवायला जात नाही. केसाचं रोप तर त्याहून नाजूक. हवेवर काही मिनिटं सुकलं तरी मरू शकतं. म्हणून ती थंड सलाईनमध्ये बुडवून ठेवतात. अमेरिकेतले डॉक्टर लिमर यांनी रोपं किती वेळ बाहेर राहिली आणि त्यातली किती जगली याचा हिशोब मांडला होता. दोन तासांत लावलेली शंभरातली सुमारे ९५ जगली, चार तासांनी सुमारे ९०, आणि चोवीस तासांनी ७९. म्हणजे सुरुवातीच्या तासांत जितका उशीर, तितकी तूट.

बसवायची रीत

आता खरी लावणी. सगळ्यात जास्त कौशल्य इथं लागतं आणि जाहिरातीत सगळ्यात कमी बोललं जातं तेही याच्याबद्दल.

आधी डोक्याच्या कातडीत भुलीची इंजेक्शनं देतात. माणूस जागा असतो, बोलत असतो. मग डॉक्टर बारीक पात्यानं किंवा सुईनं टकलाच्या जागी चिरा पाडतात. एकेक चीर एक मिलिमीटरच्या आसपास रुंद आणि चार ते सहा मिलिमीटर खोल, म्हणजे तांदळाचा दाणा उभा मावेल एवढी. या चिराच पुढं केस कसा दिसणार ते ठरवतात. चिरा पाडताना चार गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली गोष्ट, कोन. केस कातडीतून सरळ उभा येत नाही, तो कललेला असतो. कपाळाजवळ तो पुढं झुकलेला असतो, कानशिलाजवळ तर जवळजवळ कातडीला टेकलेला असतो. चीर उभी पाडली तर केस झाडूच्या काड्यांसारखे ताठ उभे राहतात आणि कितीही विंचरले तरी बसत नाहीत.

दुसरी, दिशा. माथ्यावर भोवरा असतो. तिथले केस गोल फिरत जातात, म्हणून चिराही तशाच फिरवाव्या लागतात.

तिसरी, दाटी. नव्या जागेत एका चौरस सेंटीमीटरमध्ये साधारण ३० ते ४० रोपं लावतात. भात फार दाट लावला की फुटवे येत नाहीत. इथंही चिरा फार जवळजवळ पाडल्या तर कातडीचा रक्तपुरवठा कमी पडतो आणि रोपं मरतात. क्वचित कातडीच काळी पडून मरते.

चौथी, पुढची रेघ. खरी केसांची कड कधी दोरी लावून आखल्यासारखी सरळ नसते. ती थोडी वेडीवाकडी, विरळ असते. म्हणून पुढच्या ओळींत एकेका केसाची रोपं लावतात आणि त्यांच्या मागं दोन-तीन केसांची. जाड रोपं पुढं आली की बघणाऱ्याला लगेच कळतं.

चिरा तयार झाल्या की रोप बसवायचं. रोप केसाच्या टोकाला धरून ढकलायचं नसतं आणि खालचा कंदही दाबायचा नसतो. कंदाभोवती जे थोडं मऊ मांस असतं, त्याला बारीक चिमट्यानं हलकं धरतात आणि चिरेच्याच कोनात आत सरकवतात. कंद चिरडला तर ते रोप गेलं. पीळ बसला किंवा कंद वर दुमडला तरी केस वाकडा येतो. आपण भाताचं रोप लावताना अंगठ्यानं मूळ दुमडू देत नाही, तीच काळजी.

खोलीचंही तसंच. रोप कातडीच्या पातळीला किंवा अगदी केसभर वर राहिलं पाहिजे. फार खोल गेलं तर वर खळगा पडतो किंवा आत गाठ होते. फार वर राहिलं तर सुकतं, नाहीतर कातडी खडबडीत दिसते. एक रोप बसवताना शेजारचं टुणकन बाहेर येतं, असंही वारंवार होतं. तेव्हा चिडून जोरात दाबून चालत नाही. ओल्या कापसानं हलकं धरून, रक्त थांबू देऊन ते परत बसवावं लागतं. कधी एकाच चिरेत चुकून रोपावर रोप बसतं. खालचं तिथंच अडकतं आणि पुढं तिथं फोड येतो.

काही ठिकाणी चिमट्याऐवजी रोपणाचं पेन वापरतात. ते कोरियातल्या डॉक्टरांनी पुढं आणलं. पोकळ सुईत रोप भरायचं, सुई टोचायची आणि मागचा दट्ट्या दाबायचा. चीर आणि रोप एकाच वेळी. त्यात कंदाला हात कमी लागतो, पण रोप पेनात भरतानाही ते जपावंच लागतं. पेन म्हटलं की काम आपोआप चांगलं होतं असं नाही. पेन धरणारा हात सरावाचा हवा.

थोडा हिशोब करू. एका रोपाला दहा सेकंद धरले तर २,५०० रोपांना पंचवीस हजार सेकंद, म्हणजे जवळजवळ सात तास. एका माणसाचे डोळे आणि बोटं सात तास सारखी चालत नाहीत. म्हणून दोन-तीन जण आळीपाळीनं बसवतात. एका डॉक्टरनं एकाच दिवशी चार-पाच जणांची डोकी घेतली असतील, तर प्रत्येक डोक्यावर नक्की कोणाचे हात चालतात, हे विचारायलाच हवं.

ते हात कोणाचे?

पुष्कळ ठिकाणी रोपं बसवायचं काम डॉक्टर नाही, तर मदतनीस करतात. त्यात मुलीही असतात. बारीक कामाला सरावलेली बोटं असली की हे काम चांगलं जमतं, आणि प्रशिक्षित मदतनीसानं डॉक्टरांच्या समोर ते करण्यात गैर काही नाही. पण भूल देणं, चिरा पाडणं आणि पूर्ण शस्त्रक्रियेची जबाबदारी घेणं हे डॉक्टरांचंच काम आहे.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं सप्टेंबर २०२२ मध्ये याबद्दल सूचना काढल्या. ही शस्त्रक्रिया त्याचं रीतसर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरनं करावी, म्हणजे प्लास्टिक सर्जन किंवा त्वचारोगतज्ज्ञानं. यूट्यूबवर बघून किंवा एखाद्या कार्यशाळेला बसून आलेलं शिक्षण पुरेसं नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. असं सांगायची वेळ का आली? कारण मुंबई, दिल्ली आणि नंतर कानपूरमधूनही केसांच्या शस्त्रक्रियेनंतर माणूस दगावल्याच्या बातम्या आल्या. केस लावून कुणी मरत नाही असं आपल्याला वाटतं. पण भुलीचं औषध प्रमाणाबाहेर गेलं तर तोंडाभोवती मुंग्या येतात, कानात आवाज येतो, मग झटके येऊ शकतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. एखाद्याला औषधाची जोरदार ॲलर्जी येते. जखमेत जंतू शिरले तर ते रक्तात पसरू शकतात. हे क्वचित होतं, पण होतं तेव्हा जवळ ऑक्सिजन, औषधं आणि सांभाळणारा डॉक्टर लागतो. सलूनच्या वरच्या खोलीत यातलं काही नसतं.

कोणाला उपयोगाचं, कोणाला नाही

सगळ्या केसगळतीवर लावणी हा उपाय नाही. मूळ जिवंत असेल तर रोप लावायची गरजच नसते. बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी मूठमूठ केस जातात, ते बहुतेकींचे वर्षभरात आपोआप परत येतात. अंगात रक्त कमी असणं, थायरॉइड, मोठा ताप, उपासमार, कॅन्सरची औषधं यांमुळंही केस गळतात. तिथं आधी मूळ कारण शोधायचं. चाई पडली असेल तर तिचे उपचार वेगळे आहेत. २०२५ च्या सुरुवातीला बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये माणसांचे, बायकांचे, मुलांचेही केस काही दिवसांत गळाले होते, ते आठवत असेल. तपासात सेलेनियमचं प्रमाण जास्त आढळलं आणि पुष्कळांचे केस काही आठवड्यांनी परत उगवू लागले. अशा वेळी घाबरून कुणी शस्त्रक्रियेला गेलं असतं तर पैसे वायाच गेले असते.

आपल्या बायकांचे केस बहुधा एका जागी टक्कल पडून जात नाहीत, सगळीकडं विरळ होतात, मागचेसुद्धा. मग चांगलं रोप काढायचं कुठून? म्हणून बायकांमध्ये ही शस्त्रक्रिया निवडूनच करतात. भाजल्याच्या किंवा जखमेच्या व्रणावर, गेलेल्या भुवईवर ती करता येते. पण व्रणात रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळं काही रोपं जगत नाहीत.

आणि वीस-बावीस वर्षांच्या मुलाचं काय? त्याचं टक्कल अजून वाढत असतं. आज पुढं लावलं आणि पाच वर्षांत त्याच्या मागचे मूळचे केस गेले, तर कपाळावर केसांचं बेट आणि मागं उघडं रान अशी गत होते. मागच्या पट्टीतून जन्मभरात साधारण चार ते सहा हजार रोपं निघतात. तेवढाच आपला वाफा. एकदा संपला की परत पेरता येत नाही. म्हणून जाणते डॉक्टर तरुण मुलाला आधी औषध देतात, थांबायला सांगतात. या औषधांत फिनास्टेराईड नावाची गोळी असते. घरात गरोदर सून किंवा लेक असेल तर तिनं ती फुटलेली गोळी हातातही घेऊ नये. पोटातल्या मुलग्याच्या वाढीला तिच्यामुळं धोका असतो.

नंतरचे बारा महिने

घरी आल्यावर पहिले काही दिवस रोपं फक्त रक्ताच्या गोठलेल्या थरानं धरलेली असतात. डोकं उशीवर उंच ठेवून झोपायचं, खाजवायचं नाही, हेल्मेट घालायचं नाही, उन्हात कामाला जायचं नाही. दोन-तीन दिवसांनी कपाळावर, डोळ्यांवर सूज येते आणि उतरते. खपल्या आठ-दहा दिवसांत जातात. ताप, पू, वाढत जाणारं दुखणं किंवा काळी पडणारी कातडी दिसली, तर वाट न बघता डॉक्टरांकडं जायचं.

मग दोन ते चार आठवड्यांत लावलेले केस गळून पडतात! इथं घरातले हादरतात, फसलो म्हणतात. पण ते ठरलेलंच असतं. केस गळतो, मूळ आत राहतं. तीन-चार महिन्यांनी बारीक केस दिसू लागतात आणि खरा निकाल नऊ ते बारा महिन्यांनी कळतो. त्यामुळं 'पुढच्या महिन्यात मुलगी बघायला जायचंय' म्हणून ही शस्त्रक्रिया करण्यात काही अर्थ नाही.

गटाच्या वहीतला हिशोब

दर बहुतेक ठिकाणी ग्राफ्टवर ठरतो. समजा ग्राफ्टला ३० रुपये आणि २,५०० ग्राफ्ट, तर झाले ७५,००० रुपये. गटाचं व्याज महिना दोन टक्के असेल तर पहिल्या महिन्याचं व्याजच १,५०० रुपये. औषधं, येणं-जाणं, बुडालेली मजुरी वेगळी. सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला आरोग्य विमा सहसा पैसे देत नाही. आणि 'पाच हजार केस' अशी जाहिरात असेल तर ते केस की ग्राफ्ट, ते विचारा. पाच हजार केस म्हणजे साधारण अडीच हजारच ग्राफ्ट असू शकतात.

आमच्या एका गटात अशीच मागणी आली तेव्हा बायकांनी कर्ज नाकारलं नाही. त्या म्हणाल्या, "ताई, आधी त्वचारोगाच्या डॉक्टरांना दाखवून या, मग बघू." मुलगा एकवीस वर्षांचा होता. डॉक्टरांनी औषध दिलं आणि दोन वर्षांनी परत यायला सांगितलं. त्या महिन्यात गटाच्या पैशातून दुसरीच्या शेळ्या आल्या.

तुमच्या गटात मागणी आली तर हे प्रश्न वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा आणि उत्तरं घेऊन यायला सांगा:

१. केस कशामुळं गेले, हे डॉक्टरांनी तपासून सांगितलं का?
२. डॉक्टरांची पदवी कोणती, नोंदणी क्रमांक काय?
३. भूल कोण देणार, चिरा कोण पाडणार, रोपं कोण बसवणार? डॉक्टर पूर्ण वेळ तिथं असतील का? त्या दिवशी आणखी किती जणांची शस्त्रक्रिया आहे?
४. ग्राफ्ट किती, आणि मागं पुढच्यासाठी किती उरतील?
५. जीव घाबरला, झटका आला तर तिथं काय सोय आहे, जवळचं मोठं रुग्णालय कोणतं?
६. सगळा खर्च लेखी दिला आहे का?

या सहा प्रश्नांची उत्तरं द्यायला चांगल्या डॉक्टरला राग येत नाही. ज्याला येतो, त्याच्याकडं आपलं पोरगं आणि गटाचे पैसे दोन्ही पाठवू नका. आणि ज्या मुलाला विरळ केसांसकट पसंत करणारी मुलगी मिळेल, त्याच्या आईनं एवढ्यासाठी कर्ज काढूच नये, असं आमचं मत आहे. येत्या बैठकीत हा विषय घ्या, प्रश्न मोठ्यानं वाचा, आणि तुमच्याकडं काय ठरलं ते आम्हाला जरूर कळवा.